पुरून उरलेली चड्डी

जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते असं ज्याला मनापासून वाटतं, त्या माणसाला सासुरवाडीच्या शेतात कधी पाठवू नये. ऑफिसात सगळे ज्याला फूटपट्टी म्हणत, तो हाच माणूस. भाजी खरेदी करणाऱ्या संघात नोकरीला होता. आजवर एक खरेदीदार शेतकऱ्याला पाणी किती वापरता विचारायचा, दुसरा औषधं किती मारता, तर तिसरा मधमाश्या दिसतात का म्हणून बांधावर वाकून बघायचा. फूटपट्टीने डोकं खपवून सगळ्यांसाठी एकच मापदंड बनवला. कुणाचं शेत पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकेल, हे आता एकाच मापाने ठरणार होतं.

त्यातली त्याची लाडकी परीक्षा मातीची. प्रत्येक शेतात एकाच गिरणीची, एकाच मापाची पांढरी सुती चड्डी पुरायची आणि हंगाम संपला की उकरायची. माती जिवंत असेल तर सूत खाऊन टाकते, इलॅस्टिक तेवढं उरतं. माती मेलेली असेल तर चड्डी गेली तशी परत येते. "माणूस खोटं बोलेल, चड्डी बोलणार नाही," असं तो मीटिंगमध्ये म्हणाला आणि सुरुवात आपल्या सासऱ्यांच्याच शेतापासून करू, असं छातीठोक सांगून मोकळा झाला.

त्यालाही कारण होतं. सासऱ्यांनी जन्मभर शेणखत आणि पालापाचोळा घालून ती जमीन लोण्यासारखी केली होती. आजूबाजूचे हसायचे. म्हातारा कचरा पिकवतो म्हणायचे. आता पहिलं येणारं शेत 'मार्गदर्शक शेत' ठरणार होतं आणि हेच हसणारे तिथे शिकायला येणार होते.  सासऱ्यांनी लगेच लग्नातला कोट इस्त्रीला दिला.

पुरणीच्या दिवशी फूटपट्टीने ओट्यावर जमलेल्या पुरुषमंडळींना मापदंड पार उलगडून समजावला. सासूबाई आत चहा करत होत्या. निघताना त्याने त्यांना शेतातली खुंटी दाखवली आणि एवढंच म्हणाला, "आई, इथे माझी चड्डी पुरली आहे. तेवढी जपा. माझी सगळी अब्रू तिच्यात आहे."

सासूबाईंना जे समजायचं ते समजलं.

उकरायच्या दिवशी संघाच्या अध्यक्ष बाई आल्या, शेतकरी आले. सासऱ्यांनी कोट घालून स्वतः कुदळ हाती घेतली. पहिल्याच घावाला चड्डी वर आली. पांढरीशुभ्र. घडीसुद्धा मोडली नव्हती.

कुणीतरी फिसकन हसलं. सासरे खड्ड्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात सासूबाईंनी जावयाला बाजूला ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "काळजी करू नका. काल सहज उकरून बघितलं तर नुसतं इलॅस्टिक!  म्हटलं, आमच्या मेल्या मातीने जावयाच्या अब्रूचं पार भुस्कट केलं. तशीच धावत बाजारात गेले, नवी आणली आणि पुरून टाकली. ह्यांनाही सांगितलं नाही."

"आई, ते इलॅस्टिक कुठंय?"

"चुलीत घातलं. पुरावा कशाला ठेवायचा?"

फूटपट्टी अध्यक्ष बाईंकडे धावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे मापदंडाचं पान उलटलं. "शेतकऱ्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा खुलासा ग्राह्य धरू नये. हा नियम कुणी घातला?"

"मीच. प्रत्येकाकडे काही ना काही सबब तयार असते म्हणून."

"रास्त आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शून्य मांडलं.

पण फक्त आपल्याच घरचं बघावं, हा सासूबाईंचा स्वभाव नव्हता. त्यांनी शेजारणींनाही सावध केलं होतं. पुढच्या शेतात निघालेल्या चड्डीला किमतीची चिठ्ठी तशीच होती. त्यापुढच्या शेतात निळ्या पट्ट्यांची निघाली, कारण तोवर बाजारातल्या पांढऱ्या संपल्या होत्या. बाई म्हणाल्या, मापदंडात रंगाविषयी काही लिहिलेलं नाही. शून्यावर शून्य पडत गेलं. इतक्या मेलेल्या जमिनी एकाच भागात पाहून बाईंचे डोळे पाणावले.

शेवटचं शेत पंपवाल्याचं. हा एकटा जीव. फवारणीचा पंप पाठीवरून झोपताना तरी काढतो का, अशी शंका यावी. त्याच्या रानात गांडूळ सोडाच, गवताचं पातंही उगवायला भ्यायचं. खुंटीपाशी खणलं, काही नाही. आणखी खोल खणलं, तरी काही नाही.

बाईंनी चष्मा काढला. "इलॅस्टिकसुद्धा खाल्लं," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. टाळ्या झाल्या. पंपवाल्याचं शेत मार्गदर्शक ठरलं आणि ज्यांना शून्य पडलं त्यांनी तिथे शिकायला यायचं, असं जागच्या जागी जाहीर झालं.

सासऱ्यांनी कोट काढला, नीट घडी करून हातावर घेतला. "जावईबापू," त्यांनी विचारलं, "शिकायला येताना वही आणायची का?" त्यात टोमणा नव्हता. म्हातारा खरंच विचारत होता. फूटपट्टीला वाटलं, समोरच्या खड्ड्यात उतरावं आणि वरून माती ओढून घ्यावी. निदान ह्या मातीत आपण वर्षानुवर्षं टिकू.

सगळे पांगले तसा पंपवाला हळूच जवळ आला. "साहेब, रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही पुरून गेलात त्याच संध्याकाळी मी ती काढली. चांगलं कापड मातीत कशाला घालवायचं? तेव्हापासून वापरतोय."

फूटपट्टीने बाईंना हाक मारायला तोंड उघडलं. मग आपलाच नियम आठवला आणि ते मिटलं.

"पुढच्या हंगामात," पंपवाला कमरेशी बोट घालत म्हणाला, "एक नंबर मोठी पुरा. ही फार काचते."