बादलीवाले बबनभाऊ

बबनभाऊ दारात आले की त्यांची नजर माणसाच्या तोंडाकडे जात नसे, थेट केराच्या डब्याकडे जाई. "सोनं फेकताय राव, सोनं!" असं म्हणत ते डब्यात कोपरापर्यंत हात घालत आणि वांग्याची देठं, मटाराची टरफलं, चहाचा चोथा आपल्या बादलीत भरून घेत. कुणाची परवानगी वगैरे भानगड नाही.

आळेफाट्याला एका गॅरेजच्या वर आमची बिल्डिंग. राजुरीची शेती भावांवर सोपवून बबनभाऊ इथं दोन खोल्यांत आले, ते बायकोच्या औषधपाण्यासाठी. येताना उकिरडाही जिन्यानं वर चढवला. वीतभर गॅलरीत ड्रम, मोरीत टब आणि त्यावर कांद्याची बारदानं. टब हलवल्याशिवाय आंघोळ होत नसे, म्हणून भाऊ आंघोळच टाळतात, असा आमचा अंदाज होता. त्यांच्या अंगाचा वास अंदाजाला दुजोरा देई. खाली ट्रकवाले पंक्चर काढायला थांबत आणि नाकाला रुमाल लावून पुढचं गॅरेज गाठत.

वर शहाणपण शिकवत. "लिंबाची साल येगळी ठेवा वहिनी, गांडुळांना आंबट सोसत न्हाई." माझ्या आजारपणात त्यांनी कधी चौकशी केली नाही, पण गांडुळांच्या पचनाची काळजी अखंड.

एकदा माझ्या बहिणीला बघायला नाशिकहून पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी केळं सोलायला घेतलं, तोच भाऊ बादलीसकट आत. "सावकाश खा, लई घाई न्हाई आपल्याला," म्हणून त्यांच्यासमोर उकिडवे बसले. साल हातातून सुटली ती बादलीतच पडली. पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला, तर भाऊंनी तोही ओतून घेतला. खालच्या एसटीडी बूथवर नाशिकहून फोन येणार होता, तो आलाच नाही.

दोन दिवस वाट पाहून मी भांडायला वर गेलो. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत त्यांची बायको, हौसाबाई, कॉटवर बसल्या होत्या. त्यांना माणसं ओळखू येत नाहीत हे मी ऐकून होतो. भाऊंनी त्यांच्या मांडीवर परात ठेवली होती. परातीतल्या काळ्याभोर खतात दोन्ही हात घालून त्या ढेकळं फोडत होत्या.

"दिसभर रडती," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "शेतात न्या म्हणती. निस्ती माती दिली की फेकून देती. म्हणती भुकी हाय ही, खत घाला."

"मग गावाकडनं गोणी आणायची की!" मी आवाज चढवलाच.

"आणली व्हती. पण गोणीत तिला काम काय? साली निवडायच्या, बारीक करायच्या, कालवायचं, त्यात तिचा दिस जातो. मंग रडत न्हाई."

हौसाबाईंनी मूठ नाकाशी नेऊन वास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"चांगलं कुजवलंय हो तुमी. कुठल्या गावचं म्हणायचं पाव्हणं?"

"राजुरीचा," भाऊ म्हणाले.

"अगं बाई, आमच्याच गावचं की!" त्या हसल्या आणि मातीच्या हातानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"व्हय," भाऊ म्हणाले आणि परात त्यांच्या अंगाशी सरकवली.