थ्रॉस्बीतली दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू

"रांगेत ये गं राणी. शिडी आहे ती. भराभरा चढायला तू काय खारूताई आहेस?"

हा आवाज टॅमसिन क्लेगने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तिचे मोजे भिजलेले होते, आणि आवाजाच्या हातात चहाचा कप होता. पुढे जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर, हजारो माणसं श्वास रोखून बसलेली असताना, सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला की तो खाली येईपर्यंतच्या इवल्याशा वेळात तिला तोच आवाज ऐकू येई. चेंडू मग बहुधा जाळ्यात जाई.

राष्ट्राची थोरवी त्याच्या रांगेवरून ओळखावी. ज्या देशात बस बंद झाल्यावरही माणसं बसच्या रांगेत उभी राहतात, तिथे खेळाडू घडवण्याचं कामही शिस्तीतच चालणार. ब्रिटनमध्ये महिला टेनिसपटू तीन गोष्टींनी घडते : पाऊस, समिती आणि वडिलांची गाडी. (गुणवत्ता ही चौथी गोष्ट असल्याचा काहींचा दावा आहे. त्यावर विचार करायला समितीने उपसमिती नेमली आहे.) टॅमसिनच्या बाबतीत पाऊस आणि समिती थ्रॉस्बी गावाने पुरवली, आणि गाडी म्हणजे तिच्या वडिलांची पावाची व्हॅन होती. नेव्हिल क्लेग पहाटे पाव पोचवत आणि दुपारी मुलीला. ताज्या पावाच्या उबेत बसून ती सामन्यांना जाई, म्हणून तिच्या रॅकेटला कायम भट्टीचा वास येई, आणि प्रतिस्पर्धी मुलींना दुसऱ्या सेटमध्ये भूक लागे. तिच्या सुरुवातीच्या विजयांचं तज्ज्ञांनी दिलेलं हे एकमेव कारण आहे.

थ्रॉस्बी लॉन टेनिस क्लबात हिरवळीची तीन कोर्टं आहेत, एक चहाची खोली आहे, आणि त्या खोलीच्या भिंतीवर लाकडी शिडी आहे. शिडीच्या पायऱ्यांना आकडे, आकड्यांवर नावाच्या पाट्या. आपल्या वरच्या पाटीला आव्हान द्यायचं. जिंकलं की पाट्यांची अदलाबदल. आव्हान चार कारणांनी नाकारता येतं : पाऊस, दुखापत, जवळचं कुणी वारलेलं असणं (यात कुत्रा धरला जातो), आणि चहा कपात ओतलेला असणं. थ्रॉस्बीत वर्षातले बहुतेक दिवस पाऊस असतो आणि उरलेल्या दिवशी चहा, त्यामुळे शिडी अतिशय स्थिर आहे. इतर क्लबांत माणसं वरखाली होतात आणि मनं दुखावतात. इथे तसं काही नाही.

तरीही टॅमसिन चढली. पावसाच्या दोन सरींमधल्या फटीत तिने दंतवैद्याला हरवलं, मग त्याच्या बायकोला, मग भूगोलाच्या मास्तरांना, आणि चौदाव्या वर्षी ती दुसऱ्या पायरीवर पोचली. पहिल्या पायरीवर मिसेस हिल्डा बार्ट्रम होत्या. शिडी लागली तेव्हापासून त्याच होत्या.

"मिसेस बार्ट्रम, शनिवारी खेळायचं का?"

"खेळले असते गं राणी. पण हा बघ, आत्ताच ओतला."

"मी थांबते ना. पिऊन घ्या."

"पिऊन झाला की दुसरा ओतावा लागतो. किटली अर्धी ठेवायची म्हणजे बनवणारीचा अपमान."

पुढच्या शनिवारी गुडघा निघाला.

"बोलतोय गं आज गुडघा."

"काय म्हणतोय?"

"नाही म्हणतोय."

क्लबाच्या फाटकाशी दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलींनी याचं गाणंच केलं होतं :

*बार्ट्रमबाई, बार्ट्रमबाई, खेळायला येता का?*
*गुडघा म्हणतो नाही बाई, चहा तेवढा घेता का?*

बार्ट्रमबाईंना खेळताना कुणी पाहिलं होतं का? हा प्रश्न गावात कुणालाच पडला नव्हता असं नाही. पण तो विचारायचा म्हणजे त्यांच्या गुडघ्यावर संशय घ्यायचा, आणि दुसऱ्याच्या गुडघ्यावर संशय घेणारा माणूस थ्रॉस्बीत पुढच्या नाताळाला एकटाच जेवला असता. शिवाय प्रत्येकाची खात्री होती की आपण पाहिलं नसलं तरी शेजाऱ्याने पाहिलंच असणार. शेजाऱ्याचीही तीच खात्री होती. समाज याच पायावर उभा असतो.

बाईंचं ज्ञान मात्र अथांग. कोर्टाच्या कडेला बाकावर बसून त्या सांगत, "कोपर फार लांब जातंय गं तुझं." टॅमसिन कोपर जवळ घेई आणि हरे. "बघ," बाई म्हणत, "म्हणून तर सांगत होते."

सतराव्या वर्षी टॅमसिन व्यावसायिक झाली. व्यावसायिक होणं म्हणजे परगावच्या थंडगार मैदानांवर, दोन प्रेक्षक आणि एक चुकून आलेला सुतार यांच्यासमोर हरणं. जागतिक क्रमवारीत ती सातशेच्या पलीकडे होती. मग पाचशेत आली, मग तीनशेत, आणि तिथे ती इतकी वर्षं राहिली की आकड्याची आणि तिची घरातल्यासारखी ओळख झाली. मनगट दुखलं, बरं झालं, पुन्हा दुखलं. सव्विसाव्या वर्षी ती शंभरात शिरली. सत्ताविसाव्या वर्षी तिने मोठी स्पर्धा जिंकली आणि देशाला तिचा शोध लागला.

या शोधाची पद्धत ठरलेली आहे. ती जिंकली की वर्तमानपत्रांत "आपली टॅमसिन" असे, हरली की "थ्रॉस्बीची क्लेग". उपांत्यपूर्व फेरीत पहिला सेट जिंकून दुसरा हरली तेव्हा मथळ्याच्या पहिल्या ओळीत ती आपली होती आणि दुसऱ्या ओळीत थ्रॉस्बीची. देशातल्या प्रौढ नागरिकांपैकी नव्वद टक्के लोकांना तिची सर्व्हिस कुठे चुकते ते नेमकं ठाऊक होतं. उरलेले दहा टक्के टेनिस खेळत.

क्लबाच्या पत्रकात नोंद आली : "आपल्या सभासद कु. क्लेग (शिडी : दुसरी) परदेशात एक स्पर्धा जिंकल्याचे समजते. बुधवारी चहाबरोबर लिंबाचा केक मिळेल."

जागतिक क्रमवारीत अकरावी आली त्या दिवशी वार्ताहराने तिला विचारलं, "देशातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून कसं वाटतं?"

"छे हो," टॅमसिन म्हणाली. "मी तर थ्रॉस्बीतही दुसरी आहे."

देश विरघळला. केवढी नम्रता! अग्रलेख आले. एका बिस्किटवाल्याने डब्यावर तिचा चेहरा छापला आणि खाली लिहिलं, 'थ्रॉस्बीतही दुसरी'. ती विनोद करत नव्हती हे फक्त नेव्हिल क्लेग यांना कळलं.

"टॅमे, जगात अकरावी आहेस गं तू."

"बाबा, माझ्या वर दहा जणी आहेत. त्या दहाही माझ्याशी खेळतात. ही एकच बाई आहे जी खेळतच नाही."

"म्हाताऱ्या आहेत त्या. सोडून दे ना."

"मी चौदा वर्षांची होते तेव्हा नव्हत्या म्हाताऱ्या."

नेव्हिल यांनी तिला पावाचा तुकडा दिला. त्या घरात माया अशीच व्यक्त होई, लोणी लावून.

मग त्या उन्हाळ्यात क्लबाचे सचिव नॉरिस पिलिंग यांचा फोन आला. समितीने आधुनिक व्हायचं ठरवलं होतं. शिडी ऑगस्टअखेर उतरणार, आणि त्या दिवशी पहिल्या पायरीवर जी पाटी असेल ते नाव भिंतीवर सोनेरी अक्षरांत कायमचं रंगवलं जाणार : थ्रॉस्बीची सर्वश्रेष्ठ खेळाडू.

"कायमचं?" टॅमसिनने विचारलं.

"रंग चांगला आणलाय," पिलिंग म्हणाले.

अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर ती घरी परतली. लोकांना वाटलं, मनगट. मनगट ठीक होतं. ते नाव एकदा भिंतीवर कोरडं झालं की आपण जगात पहिल्या झालो तरी जन्मभर दुसऱ्याच राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार उजाडला आणि थ्रॉस्बीवर संकट कोसळलं : ऊन पडलं. आकाश असं निळं, जणू कुणी परदेशातून मागवलंय. त्यात चहाचं मोठं भांडं सकाळीच फुटलं. गुडघ्याचं म्हणाल तर दोनच आठवड्यांपूर्वी भाच्याच्या लग्नात बाई पहाटेपर्यंत नाचल्या होत्या. (कुणी काही म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांनी पाहिलं होतं.) बाईंचा कुत्रा ठणठणीत होता. तो बाकाखाली बसून पाहुण्यांचे मोजे हुंगत होता.

"खेळायचं, मिसेस बार्ट्रम?" टॅमसिनने विचारलं.

बाईंनी रिकाम्या हाताकडे पाहिलं. कप नव्हता. "बरं," त्या म्हणाल्या.

सगळं गाव आलं. आधी रांग लागली, मग बाकं भरली. पावसाचा भरवसा नसल्यामुळे क्लबातला आव्हानाचा सामना एकाच गेमचा असतो, आणि सर्व्हिस आव्हान देणाऱ्याने करायची असते. पंच नसतो. ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्यानेच आत की बाहेर ते सांगायचं आणि समोरच्याने मान डोलवायची. बाकी जगात हे काम आता यंत्रं करतात. थ्रॉस्बीत अजून सभ्यता करते.

बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आल्या. रॅकेट त्यांनी कालथ्यासारखी धरली होती. जुनी पद्धत असेल, असं बाकांवर कुजबुजलं गेलं.

टॅमसिनने पहिला चेंडू अलगद टाकला. सत्तरी ओलांडलेल्या बाईंवर जोरात मारायचं म्हणजे काय! चेंडू चौकटीच्या मधोमध पडला, फुलपाखरासारखा उडाला आणि बाईंच्या बाजूने निघून गेला.

"बाहेर," बाई म्हणाल्या.

टॅमसिनने मान डोलवली. दुसराही मधोमध.

"बाहेर गं. थोडक्यात."

दोन्ही सर्व्हिस बाहेर, म्हणजे गुण बाईंचा : शून्य-पंधरा. मग शून्य-तीस. मग शून्य-चाळीस. जगातली अकराव्या क्रमांकाची खेळाडू एकामागून एक अचूक चेंडू टाकत होती आणि सरळ हरत होती. दर वेळी ती मान डोलवी आणि "सॉरी" म्हणे. बाकांवर दंतवैद्य हळहळले, "कोपर. कोपर लांब जातंय." भूगोलाच्या मास्तरांनी दुजोरा दिला.

शेवटच्या गुणाचा पहिला चेंडूही बाहेर ठरला. आता एकच उरला. टॅमसिनला राग आला. थ्रॉस्बीत चालतो तेवढाच. तिने चेंडू वर फेकला, आणि आज पहिल्यांदाच तो खाली येईपर्यंत तिला कुठलाही आवाज ऐकू आला नाही. जगभर जिला बिनतोड म्हणतात ती सर्व्हिस सणसणत गेली. चेंडू रेषेवर आदळला, चुन्याचा पांढरा ढग उठला, आणि चेंडू मागच्या कुंपणाच्या जाळीत जाऊन रुतला.

ढग अजून हवेतच होता. बाईंनी बोट वर केलं.

"बाहेर."

मग कुणीतरी सभ्यपणे टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. "काय लढत झाली!" पिलिंग म्हणाले आणि रंगाचा डबा उघडायला उठले. (मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. ती वाचकाने आपली समजावी. इतका वेळ तोही काही बोललेला नाही.)

टॅमसिन जाळ्यापर्यंत चालत आली. हात पुढे करायचा, "छान खेळलात" म्हणायचं, घरी जायचं. हात पुढे गेला. तोंडून मात्र दुसरंच आलं.

"सॉरी, मिसेस बार्ट्रम. पण चेंडू आत होता."

टाळ्या थांबल्या. एका बाईने आपल्या मुलाचे कान झाकले. नेव्हिल क्लेग डोळे मिटून पुटपुटले, "टॅमे, आपल्याला याच गावात राहायचंय गं."

पिलिंग धावत आले. "कु. क्लेग, निकाल नियमाप्रमाणे लागलेला आहे. चेंडू नुसता आत होता म्हणून काही—"

"गप्प बसा हो नॉरिस," बार्ट्रमबाई म्हणाल्या. त्यांनी रॅकेट गवतावर ठेवली, तापलेली कढई ठेवावी तशी, हलकेच. त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी बूट काढलेल्या माणसासारखा दिसत होता.

"आत होता राणी. सगळेच आत होते. पण परत मारायचा कसा ते मला येत नाही. कधीच येत नव्हतं. शिडी लागली तेव्हा नावं ए-बी-सीच्या क्रमाने टांगली होती, बार्ट्रम पहिलं आलं. सामने पुढच्या शनिवारी सुरू व्हायचे होते आणि पाऊस आला. पहिल्या वर्षी कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. दहाव्या वर्षी लाज वाटायला लागली. विसाव्या वर्षी मी सल्ले द्यायला लागले. जा, तुझी पाटी वर लाव."

टॅमसिन पाटी लावायला आत गेली. बाई मग बाकांकडे वळल्या. समोरून मागपर्यंत, एकेका चेहऱ्यावर थांबत, त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"आणि तुम्ही? चुना उडालेला सगळ्यांना दिसला होता ना? मी नुसतं 'बाहेर' म्हणत होते. टाळ्या तुम्ही वाजवल्यात."