आणखी पाव नको

अविनाश टिपणीसला अख्ख्या स्पॅनिश भाषेतलं एकच वाक्य येत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर तो स्पेनला निघाला होता.

तळोज्याच्या कारखान्यात स्पेनचं मशीन आलं होतं. ते बसवायला आलेले ओर्तेगा साहेब एका माणसाला दोन महिने तिकडे ट्रेनिंगला नेणार होते. अविनाश स्टोअर्समधला क्लार्क. मशीनला त्याने कधी बोट लावलेलं नव्हतं. पण असल्या गोष्टी आड आल्या असत्या तर या देशात कुणी साहेब झालाच नसता. त्याने फोर्टच्या फुटपाथवरून स्पॅनिशचं पुस्तक आणलं. पहिल्या धड्यापुढचं सगळं वाळवीने खाल्लेलं.

"यो नो किएरो मास पान," कँटीनमध्ये मिसळ खाताना तो फिटर काशिराम घरतला सांगायचा. "म्हणजे मला आणखी पाव नको. यो म्हणजे मी. पण तो गाळला तरी चालतो, किएरोच्या शेवटच्या ओमध्येच मी बसलेला असतो. आपण नुसतं 'जातो' म्हणतो, तसं. आणि आपला नकार शेवटी येतो, त्यांचा क्रियापदाच्या आधी."

"मंग तू तो पाव खानार हायेस का मी घेव?" काशिराम विचारायचा.

रविवारी अविनाशने साहेबांना नवीन पनवेलच्या घरी जेवायला बोलावलं. त्यांना स्कूटरवर आणणार काशिराम, म्हणून त्यालाही. अविनाशच्या बायकोने, सुनंदाने, पुरणपोळ्या केल्या. चौथीनंतर साहेब म्हणाले, "नो किएरो मास."

अविनाशच्या अंगावर काटा आला. "कळलं मला. यो गाळलाय, पाव गाळलाय. त्यांना आणखी नको."

"पहिल्यांदाच कोण हो म्हणतं?" सुनंदाने पोळी वाढून वर तूप ओतलं. अविनाशलाही ते पटलं. आपल्यात तीनदा नाही म्हटल्याखेरीज ते नाही धरत नाहीत. साहेब बिचारे टाकायचं नाही म्हणून संपवत होते, आणि ताट रिकामं दिसलं की सुनंदा वाढत होती.

सहाव्या पोळीनंतर साहेब नुसतं "नो" म्हणाले.

"आता क्रियापदही गेलं," अविनाशने समजावलं. "नुसता नकार उरलाय."

"म्हणजे लाजणं कमी झालं," म्हणत सुनंदाने सातवी उचलली.

काशिरामने आपला उष्टा पंजा साहेबांच्या ताटावर आडवा धरला. "वयनी, नको वाढू. डोले बघ त्याचं."

साहेबांनी तो पंजा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

दोन दिवस साहेब कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली. स्पेनला काशिराम घरत.

संध्याकाळी काशिराम अविनाशच्या दारात. "तां वाक्य शिकव मना."

"शिकवतो. माझ्यासारख्या गाढवाला त्याचा दुसरा काय उपयोग? माणूस मरायला टेकला आणि मी त्याचं क्रियापद शोधत बसलो." अविनाशने पुस्तक उघडलं. "हे एकदा म्हणालास की ते लोक वाढायचं थांबतात."

काशिरामने समोर बघितलं. सुनंदाच्या लाडवांना तो आत्ताच सवयीने नको म्हणाला होता, आणि बशीत तीन लाडू होते.

"एकदा बोल्लो का थांबतान?" त्याचा चेहरा उतरला. "मंग मी तं तिकडं उपाशी मरन. 'आनखी वाढा' कसा बोलाचा, तां सांग आधी."

"तो धडा वाळवीने खाल्लाय," अविनाश म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.