पिवळ्या चिठ्ठीचं शास्त्र

घर बदलणं ही काही मोठी गोष्ट नाही. डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे! पेशीविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. पेशीइतकं नेटकं सामान जगात कोणी बांधत नाही. तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "तू मुलाखतीची तयारी कर. बांधाबांध माझ्याकडे!"

मुलाखत होती एका मोठ्या गोदामाच्या व्यवस्थापकपदासाठी, तीही नव्या घरात गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच अशी संधी आली होती आणि तिला ती नोकरी मनापासून हवी होती.

"डीएनएचा लांबलचक दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो," मी तिला आणि आईला समजावलं. "गुंडाळी घट्ट, तिथली जनुकं गप्प. सैल, तिथली कामाला! हे ठरतं रिळांवरच्या रासायनिक खुणांवरून. गंमत म्हणजे तीच खूण एका जागी असली तर 'उघडा', दुसऱ्या जागी असली तर 'बंद ठेवा'!"

"बरं, मग?" आई म्हणाली.

"आपली खूण पिवळी चिठ्ठी! खोक्याच्या डोक्यावर असली तर लगेच उघडायचं. बाजूला असली तर सरळ माळ्यावर!"

"अहो, त्यापेक्षा आत काय आहे ते लिहा ना," बायको म्हणाली.

"पेशी लिहिते का?"

तिला पटलं. निदान मला तरी तसं वाटलं.

माझ्या पद्धतीत एकच बारीकशी उणीव राहिली. पेशीत हमाल नसतात! त्यांनी खोकी मावतील तशी उभी-आडवी रचली आणि नव्या घरात तशीच उतरवली. डोक्यावरच्या चिठ्ठ्या बाजूला आल्या, बाजूच्या डोक्यावर! आई शब्दाची पक्की. ज्याच्या बाजूला चिठ्ठी दिसली, ते खोकं तिने त्यांच्याकडून माळ्यावर चढवून घेतलं. मी तेव्हा गॅस जोडायला आलेल्या माणसाला क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि रिळांची ती गुंडाळी, समजावत होतो.

सकाळी बायकोचा आवाज आला, "अहो, माझे मुलाखतीचे कपडे?"

"डोक्यावर चिठ्ठी बघ!"

पहिल्या खोक्यात रजया. दुसऱ्यात माझे जुने लॅबकोट. तिसऱ्यातून काचेच्या बरणीतला बेडूक आईकडे टक लावून बघू लागला. आईची किंकाळी शेजाऱ्यांनीही ऐकली. नव्या घरातली आमची पहिली ओळख ती!

"म्हणजे कपडे माळ्यावर! शिडी कुठंय?" मी विचारलं.

"हमालांची होती. ते घेऊन गेले," आई म्हणाली.

मी टेबलावर खुर्ची ठेवून चढलो आणि हाताला लागलं ते खोकं ओढलं. भांडी निघाली. निघाली म्हणजे धडाधड कोसळली! बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. पण घड्याळ थांबत नव्हतं. तिने घरातल्या कपड्यांवर माझा लॅबकोट चढवला आणि तडक निघून गेली.

संध्याकाळी ती हसतच आली. "मिळाली नोकरी!"

"लॅबकोटाची छाप पडली ना?"

"छे! त्यांनीच विचारलं, हा कोट कशाला? मग मी चिठ्ठ्यांपासून बेडकापर्यंत सगळं सांगितलं. म्हणाले, अशा माणसाबरोबर संसार केलाय म्हणजे गोदाम तुम्हाला काहीच नाही!"

"बघ! माझ्या पद्धतीचा फायदाच झाला!"

"झालाच. तुम्हाला व्याख्यानाला बोलावलंय. खोक्यांवर खुणा कशा करू नयेत, हे कामगारांना प्रत्यक्ष दाखवायला."

मी ताबडतोब होकार दिला. शेवटी व्याख्यान ते व्याख्यान!