नमुना सुस्थितीत आहे

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पाळलेल्या जिवाणूंना खाण्याची ददात नव्हती. बाईंची आई तळणीचं उरलेलं तेल डबा भरभरून पाठवत असे. बाई त्यातली मेदाम्लं काढून जिवाणूंना भरवत आणि वाढीला लागणारं नत्र मात्र हात आखडून देत. मग ते जीव खाल्लेलं सगळं प्लास्टिक करून पोटात साठवत. खायला भरपूर आणि वाढीला वाव नाही, अशा अवस्थेत कोणीही साठवतोच. बाईंनी हे कचेऱ्यांतही पाहिलं होतं.

त्या प्लास्टिकची बाईंनी पिशवी केली. ओलसर, उबदार जागी पडून राहिली की तिची आपोआप माती व्हायची. मान्यता मिळाली तर कारखाना निघणार होता. नाही मिळाली तर प्रयोगशाळेला टाळं लागणार आणि जिवाणू मोरीत जाणार. बाईंचा त्यांच्यावर फार जीव होता.

मान्यता कार्यालयाने नमुना रीतसर दप्तरखान्यात ठेवला. दप्तरखाना ओलसर होता, उबदार होता आणि तिथे कोणी कशाला हात लावत नसे. यथावकाश साहेबांनी बाईंसमोर कपाट उघडलं, तर आत ओंजळभर माती.

"नमुना कुठे गेला?"

"हाच की, साहेब! म्हणजे प्रयोग यशस्वी झाला."

"अहो, यश तपासायला नमुना लागतो. आता आमच्या ताब्यातली वस्तू नाहीशी केल्याचा खुलासा द्या. आणि दुसरा नमुना आणाल तो निर्णय होईपर्यंत टिकणारा आणा."

"निर्णय कधी होतो?"

साहेब दुखावले. "इतकं घालूनपाडून आम्हाला आजवर कोणी बोललं नव्हतं."

बाईंनी जाड पिशवी दिली. साहेब रजेवरून परतेपर्यंत तिचीही माती झाली. तिसरीच्या मातीत शिपायाने रोप लावलं, ते तरारून आलं आणि कार्यालयात अनधिकृत वाढ केल्याबद्दल बाईंना नोटीस आली.

चौथ्या खेपेला बाई घाईत होत्या. नव्या पिशवीशेजारी त्यांनी आपला जेवणाचा डबा त्याच्या पिशवीसकट ठेवला आणि सही करायला पलीकडच्या टेबलाशी गेल्या. साहेबांनी डबा बाहेर काढला आणि डब्याची पिशवीच नमुना म्हणून कपाटात ठेवून दिली.

यथावकाश कपाट उघडलं. पिशवी लखलखत होती.

"वा! याला म्हणतात विघटनशील!" साहेब गहिवरले. "इतका काळ लोटला, पण विघटनाची क्षमता तसूभरही खर्च झालेली नाही."

"साहेब, ही माझ्या डब्याची पिशवी आहे. साधं प्लास्टिक."

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "मान्यता हवी की नको?"

बाईंना काचपात्रातली आपली गुटगुटीत लेकरं आठवली. साहेबांनी दाखवलं तिथे त्यांनी सही केली.

मान्यता मिळाली. कारखानाही निघाला, फक्त माल मान्य नमुन्याबरहुकूम काढायचा होता आणि त्या नमुन्याला जिवाणूंची गरजच नव्हती. ते मोरीत गेले. बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या.

"रडतेस काय?" आई म्हणाली. "आधी माझी पिशवी परत आण. तू शाळेत जायचीस तेव्हापासूनची आहे ती!"

हल्ली ती पिशवी सगळीकडे मिळते. वर हिरवं पान छापलेलं असतं, त्यामुळे हातात घेताना फार पवित्र वाटतं. तुम्हीही घेतलीच असेल. स्वयंपाकघराच्या दाराआड पिशव्यांनी भरलेली पिशवी लटकते ना, तिच्यात हात घालून बघा. काळजी नको, नमुना सुस्थितीत आहे. तुमच्या पणतवंडांनाही तसाच मिळेल.