अप्पांचा ठेका

आमच्या खालच्या मजल्यावरचे अप्पा हात मिळवत नाहीत, थेट मनगट पकडतात. डोळे मिटून नाडी बघतात आणि निकाल देतात, "आज द्रुत चाललीय. बायकोशी भांडून आलात?" वैताग असा, की ते बहुधा खरं निघतं.

अप्पा भजनाला तबल्याची साथ करतात. लय सांभाळली की माणूस सांभाळला जातो, यावर त्यांचा गाढ विश्वास. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून आवाज चढले की ते टेबलावर बोटांनी संथ ठेका धरतात. "भांडा, पण विलंबितात भांडा!" सेक्रेटरी चिडतात, मग हळूहळू तेही सावकाश चिडू लागतात. दारावर मी टकटक केली तरी अप्पा आतून ओरडतात, "मात्रा चुकली, परत वाजवा."

त्यांच्या पत्नीच्या, माईंच्या, काळजाचा ठोका मात्र खरोखरच मधूनमधून चुकायचा. गणपतीआधी मागच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू झाला की त्या घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. आमचा नाशिक ढोल म्हणजे खिडकीच्या काचाही थरथरतात. अप्पा त्यांचं मनगट धरून त्यावर ठेका देत बसायचे. "येतेय बघ सम, येतेय." आणि माई शांत व्हायच्या.

यंदा डॉक्टरांनी माईंना पेसमेकर बसवला. अप्पांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "मशीन कुठल्या तालात आहे?"

परवा मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो आणि ढोल सुरू झाले. पहिल्याच दणक्याला अप्पा कप ठेवून माईंकडे धावले. मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं आणि खुर्चीत येऊन बसले.

"एक मात्रा चुकत नाही हो हिची," ते मला म्हणाले. "बरंच झालं म्हणा. पण आता माझं काय काम?"

मला फार वाईट वाटलं. एरवी त्यांची चेष्टा करायला मी टपलेला असतो, त्या दिवशी मात्र त्यांचा चहाचा कप पुढे सरकवला.

माई उठून त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. अख्ख्या सोसायटीची नाडी बघणाऱ्या अप्पांची नाडी कुणी बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

"अहो, केवढी पळतेय ही!" माई म्हणाल्या. "दरवर्षी अशीच पळायची? माझा हात धरून बसायचात तेव्हाही?"

माईंनी त्यांच्या मनगटावर बोटांनी ठेका धरला. तो साफ चुकत होता. अप्पांनी दुरुस्त केला नाही.