अँटीबॉडीचे पेढे

बायको घरी परत यावी म्हणून माणसानं काय करावं? सरळ 'ये' म्हणावं. पण सरळ बोलायची सवय असती तर मी दूध संस्थेत तीस वर्षं कारकूनच कशाला राहिलो असतो?

आरती शिमग्याला भोसरीला गेली. आमच्या लेकीची, प्राचीची, बाळंतपणाची रजा संपली होती आणि नातू ऋषी जेमतेम पालथा पडायला लागला होता. "पंधरा दिवसांत आलेच," म्हणून गेलेली आरती वैशाख लागला तरी तिकडेच. इकडे महाळुंगे पडवळच्या घरात मी एकटा. सवयीनं दोघांचा चहा टाकायचा आणि दोन्ही कप आपणच प्यायचे. कुकरची शिट्टी झाली की मी "आलो, आलो" म्हणायचो. रिकामं घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही. (माझ्या हातच्या आमटीपेक्षा घराला मीच बरा वाटलो असेन.)

त्यात अंगात आळस भरला. सकाळी झोप, दुपारी झोप, आणि गाव घामानं निथळत असताना माझ्या अंगात स्वेटर. एक दिवस फोनवर मी आरतीला म्हणालो, "थोडं गळाल्यासारखं वाटतंय." एवढंच. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यातून घडलं.

माझी अपेक्षा अशी की ती म्हणेल, "थांबा, मी संध्याकाळच्या गाडीनं येते."

ती म्हणाली, "मग मंचरला जाऊन डॉक्टरला दाखवा की. मला सांगून मी काय करू?"

गेलो. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, स्वेटरकडे पाहिलं आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून दिल्या. रक्त देताना मी देवाकडे एक बेताचा आजार मागून घेतला. फार मोठा नको. ज्याला बायको लागते पण ऑपरेशन लागत नाही, असा.

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी दूध संस्थेच्या कट्ट्यावर सावळेरामजवळ बसलो होतो. सावळेराम म्हणजे माझा जुना सोबती. संस्थेत तो दुधाची फॅट मोजायचा आणि मी लिहून घ्यायचो. रिपोर्टात टीएसएच नावाचं काहीतरी साडेचारपर्यंत असायला हवं होतं, ते चौदा होतं. त्याखाली अँटी टीपीओ अँटीबॉडी. ती पस्तीसच्या आत असायला हवी होती. माझी निघाली सहाशे चाळीस.

आता आम्ही पडलो दुधातली माणसं. आकडा वर गेला की दूध चांगलं, खाली आला की पाणी, एवढंच शास्त्र आम्हांला ठाऊक. शिवाय पस्तीस हा आकडा माझ्या चांगल्या ओळखीचा. मॅट्रिकला मी त्याच्यावरच सुटलो होतो.

"भाऊ," सावळेराम डोळे मोठे करून म्हणाला, "करोनात माज्या मेव्हण्याच्या अँटीबॉडी तपासल्या व्हत्या. लई निघाल्या, तर डॉक्टर म्हणलं, आता तुला घोर न्हाई. आन तुमच्या सहाशे चाळीस! राव, तुमाला साप चावला तर सापच मरंल."

इथं माझी अक्कल पेंड खायला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच मी कशात तरी पहिला आलो होतो. पेढे आणले, कट्ट्यावर वाटले. दूध घालायला आलेल्या बाया माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. एकीनं तर आपल्या पोराला माझ्या पाया पडायला लावलं. त्या भरात मी रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला. प्राचीनं ऑफिसातून न वाचताच अंगठा दाखवला. मग मी आरतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सापासकट.

"बाई गं! जिवात जीव आला माझ्या," ती म्हणाली. "मी इकडं उगाच घोर लावून घेतलेला. आता तुमी एवढे ठणठणीत हाय तर मी गणपतीपर्यंत राहते."

माझ्या तोंडात पेढा होता. त्यामुळे विरोधही करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेला पुडा डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.

"हे कशाबद्दल?"

"अँटीबॉडीबद्दल."

त्यांनी रिपोर्ट पाहिला, पुडा पाहिला, मग मला पाहिलं. "काका, हे दूध नाही. अँटीबॉडी म्हणजे शरीराची राखण. करोनावर धावून गेली तर चांगलं. ही तुमच्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर धावून जातेय."

"म्हणजे घरचंच कुत्रं घरच्यांना चावतंय?"

"तसंच. म्हणून ग्रंथी सुस्त झालीय. टीएसएच वाढलाय, म्हणजे वरचा साहेब ओरडतोय की काम कर, काम कर."

"आणि खालचा कारकून हलत नाही." हे मात्र मला लगेच कळलं.

"घाबरू नका. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. दीड महिन्यानं टीएसएच पुन्हा बघू. अँटीबॉडी सारखी तपासायची गरज नाही."

"घरी कुणी सोबतीला लागेल का?" मी आशेनं विचारलं.

"गोळी गिळायला?"

"नाही म्हणजे... तसं लिहून दिलंत तर बरं होईल."

त्यांनी चष्मा काढला. "घरी कोण असतं काका?"

साधा प्रश्न. एवढ्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी पेढ्यांचा पुडा उगाच सरळ करत बसलो.

बाहेर येऊन आरतीला फोन केला. "मला आजार निघाला," मी म्हणालो. (आवाजातला आनंद लपवता लपवेना.) "माझंच शरीर माझ्यावर उठलंय. जन्मभर गोळी."

तिकडे काहीतरी खुडबुडलं. मला वाटलं, पिशवी भरतेय.

"थायरॉइडची ना?" ती म्हणाली. "प्राचीच्या सासूबाईंना कवाधरनं हाय. त्या रोज गोळी घेऊन टेकडी चढून येत्यात. पण तुमचा भरवसा न्हाई. मी सकाळी फोन करीन, माज्यासमोर घ्यायची."

आणि खरंच रोज सहाला फोन यायला लागला. मी गोळी गिळायची आणि चहापर्यंतचा अर्धा तास बोलत राहायचं. शेजारच्यांची म्हैस व्याली, कढीपत्ता वाळला, सावळेराम आता स्वतःच्या अँटीबॉडी तपासून घ्यायच्या म्हणतोय. तिकडून अधूनमधून "हं" यायचं. संसारात सलग अर्धा तास मला कुणी बोलू दिलं नव्हतं. हळूहळू स्वेटर सुटला. गोळीनं की फोननं, ते डॉक्टरांनाच माहीत.

मग एके दिवशी प्राचीचा फोन आला. "आप्पा, तुम्ही सकाळी मधेच थांबत जाऊ नका हं. तुमचं बोलणं चालू असलं की ऋषी ढाराढूर झोपतो. आई फोन त्याच्या उशाशीच ठेवते."

म्हणजे इतके दिवस माझ्या म्हशी आणि कढीपत्ता ऐकत होता तो झोपलेला नातू! फार वाईट वाटलं.

तरी दुसऱ्या दिवशी फोन आल्यावर गोळी घेतली. शेवटी म्हटलं, ऐकतंय कोण, तर खरं तरी बोलावं. "आरती, मला करमत नाही गं. अजून दोघांचा चहा टाकतो. तू ये."

पलीकडून दोन घोरणी ऐकू आली. एक बारीक, नव्यानं शिकलेलं. दुसरं माझ्या चांगल्या ओळखीचं. त्याच्यामुळं तीस वर्षं माझी झोपमोड झाली होती. फोन ठेवावासा वाटेना. तो ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला. घरात कुणी असल्यासारखं वाटलं, म्हणून आवाज न करता चहा टाकला, गाळला, बशीत ओतला आणि हळूच एक घोट घेतला.

मोठं घोरणं थांबलं.

"सगळं ऐकू येतं हितं," आरती म्हणाली. "बशी खाली ठेवा. अजून धा मिनिटं व्हायचीत."